प्रेमाच्या घरात हिशेबाची वही

(स्त्रियांच्या आर्थिक हक्कांवरील शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कालपासून आपण बँकेचं खातं, कर्जाचे कागद, घर कुणाच्या नावावर, दागिने कुणाच्या ताब्यात, असल्या रुक्ष विषयांवर बोलतो आहोत. तुमच्यातल्या काही तरुण मुलींच्या चेहऱ्यावर मला एक प्रश्न दिसतो. जिथे प्रेम आहे तिथे हिशेब कशाला? ज्यांनी आपल्या पसंतीने लग्न केलं, घरच्यांचा विरोध सोसून केलं, त्यांना तर पैशाचा विषय काढणं म्हणजे प्रेमाचा अपमान वाटतो. ठरवून केलेल्या लग्नात निदान याद्या होतात. त्यातलं देणंघेणं वाईटच, पण पैशाचं नाव तरी चारचौघांत निघतं. प्रेमात पडलेली माणसं मात्र तो विषय टाळतात आणि त्या टाळण्याला विश्वास म्हणतात.

आज मला याविषयी बोलायचं आहे, आणि त्यासाठी मी तुम्हाला एका बाईची हकिगत सांगणार आहे. ती आपल्याकडची नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची, नॉर्वे-डेन्मार्ककडची आहे. पण ऐकताना तुम्हाला ती फार लांबची वाटणार नाही.

तिचं नाव लॉरा. जन्म १८४९ चा, नॉर्वेतला. मुलगी हुशार, लिहिणारी. हेन्रिक इब्सेन या नॉर्वेजियन नाटककाराचं 'ब्रँड' नावाचं काव्यनाट्य तिने वाचलं आणि त्याला उत्तर म्हणून, त्याचा पुढचा भाग म्हणून, 'ब्रँडच्या मुली' हे पुस्तक १८६९ मध्ये छापलं. तेव्हा ती विशीच्या आसपास होती. इब्सेनशी तिची ओळख झाली, पत्रव्यवहार झाला. १८७१ मध्ये ती जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात इब्सेनच्या घरी गेली होती. तो तिला कौतुकाने चंडोल पक्षी म्हणायचा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८७३ मध्ये लॉराने व्हिक्टर कीलर या डेन्मार्कमधल्या शिक्षकाशी लग्न केलं. शिक्षकाचा पगार बेताचा. त्यात नवऱ्याला क्षय झाला. डॉक्टरांनी सांगितलं, दक्षिणेकडच्या उबदार हवेत न्या, नाहीतर हा माणूस वाचायचा नाही. पैसा कुठून आणायचा? नवऱ्याचा स्वभाव असा की पैशाची गोष्ट काढली की त्याचा तोल जायचा. लॉराने त्याला न सांगता कर्ज काढलं, त्याला इटलीला नेलं, आणि तो बरा झाला. १८७६ ची ही गोष्ट. एका बाईने आपल्या माणसाचा जीव वाचवला आणि कसा वाचवला हे त्यालाच सांगायची तिला सोय नव्हती.

कर्ज कसं फेडायचं? तिच्याजवळ एकच गोष्ट होती, लेखणी. तिने झपाट्याने कादंबरी लिहिली आणि १८७८ मध्ये इब्सेनकडे पाठवली. त्याने प्रकाशकाकडे शब्द टाकावा, एवढीच विनंती. इब्सेनला लिखाण बरं वाटलं नाही, त्याने नकार दिला आणि सल्ला दिला की काय असेल ते नवऱ्याला सांगून मोकळी हो. सल्ला देणाऱ्याला असं सांगणं सोपं असतं. लॉराने हस्तलिखित जाळलं आणि पैशाची निकड भागवायला खोटी सही करून कागद वटवायचा प्रयत्न केला. ते उघडकीला आलं. नवऱ्याने काय केलं? ज्या बाईमुळे तो जिवंत होता तिला त्याने गुन्हेगार ठरवलं, मुलांना वाढवायला ती लायक नाही म्हणून मुलं तिच्यापासून तोडली, आणि तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. साधारण महिनाभर ती तिथे होती. पुढे मुलांसाठी ती त्याच नवऱ्याकडे परत गेली.

इब्सेनला हे कळलं. १८७८ च्या ऑक्टोबरात, रोममध्ये असताना, त्याने नव्या नाटकाची टिपणं लिहिली. डिसेंबर १८७९ मध्ये नाटक छापून आलं आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेला कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. ते नाटक म्हणजे 'अ डॉल्स हाउस', बाहुलीचं घर. त्यातल्या नोराला तिचा नवरा लाडाने चंडोल म्हणतो.

नाटकाची गोष्ट तुमच्यातल्या अनेकींना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगते. नोरा आणि टोरवाल्ड हेल्मर यांच्या लग्नाला आठ वर्षं झाली आहेत, तीन मुलं आहेत. नाताळचा सण आहे. टोरवाल्डची बँकेचा व्यवस्थापक म्हणून नेमणूक झाली आहे, नव्या वर्षापासून मोठा पगार सुरू होणार आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो कामाने खचून आजारी पडला, तेव्हा नोराने ४,८०० क्रोनर कर्ज काढून त्याला इटलीला नेलं होतं. त्याला सांगितलं की पैसे वडिलांनी दिले. कर्जाला वडिलांची हमी हवी होती, वडील मरणाच्या दारात होते, म्हणून त्यांची सही तिनेच केली. सहीखाली तारीख पडली ती वडील वारल्यानंतर तीन दिवसांची. ज्याच्याकडून कर्ज घेतलं तो क्रॉगस्टाड आता त्याच बँकेत कारकून आहे, आणि टोरवाल्ड त्याला नोकरीवरून काढायला निघाला आहे. तिथून गुपित फुटायला सुरुवात होते.

मैत्रिणींनो, या गोष्टीकडे लोक सहसा एका प्रामाणिक नवऱ्याची आणि एका खोटं बोलणाऱ्या बायकोची गोष्ट म्हणून पाहायला लागतात. म्हणून मी तुम्हाला विचारते, नोराला खोटं का बोलावं लागलं? स्वभावामुळे? नाटकातच तिची मैत्रीण क्रिस्टिन तिला आठवण करून देते की बायकोला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज घेता येत नाही. हा त्या वेळचा कायदा होता. म्हणजे नवऱ्याला विचारलं तर तो कर्जाच्या कल्पनेनेच भडकणार, आणि न विचारता उघडपणे घ्यायचं तर कायद्याने बंदी. जीव तर वाचवायचा आहे. मग उरला कोणता रस्ता? तिचं गुपित तिच्या मनात जन्मलं नाही, ते कायद्याच्या पुस्तकात जन्मलं.

आणि ते गुपित तिने कसं पाळलं तेही बघा. घरखर्चाच्या पैशातून ती हप्ते भरते. स्वतःसाठी स्वस्तातले कपडे घेते, उरलेले पैसे बाजूला काढते. एका हिवाळ्यात तिने नक्कल करायचं काम आणलं आणि दार लावून रात्री उशिरापर्यंत लिहीत बसली. नवऱ्याला वाटलं, बाईसाहेब नाताळची सजावट करताहेत. त्या रात्रींबद्दल ती मैत्रिणीला दमल्याचं सांगते, पण कमावण्यात जी मजा आली तीही सांगते. पुरुषासारखं वाटलं, अशा अर्थाचं ती बोलते. ही तिची महत्त्वाकांक्षा. टोरवाल्डची महत्त्वाकांक्षा दिवाणखान्यात, पाहुण्यांसमोर, अभिनंदनाच्या घोळक्यात उभी आहे. नोराची मात्र बंद दारामागे, सजावटीच्या नावाखाली. एकाच घरात एकाची जिद्द अभिमानाची आणि दुसरीची लपवण्याची. प्रेम या फरकाने किडतं. पैसा कमी पडला म्हणून किडत नाही.

त्या घरात एक पत्रपेटी आहे. तिची किल्ली फक्त टोरवाल्डकडे. क्रॉगस्टाडने सगळं लिहून पाठवलेलं पत्र त्या पेटीत पडलेलं नोराला काचेतून दिसतं, पण तिला ते काढता येत नाही. मला नेहमी वाटतं, अख्ख्या नाटकाचा अर्थ त्या किल्लीत आहे. घर दोघांचं म्हणायचं आणि किल्ली एकाकडे. आपल्या घरांतही ही किल्ली असते. आज ती पासबुकाच्या, मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीच्या, एटीएम कार्डाच्या पिनच्या रूपात असते. बायको कमावते, पगार तिच्या खात्यात येतो, कार्ड मात्र नवऱ्याच्या पाकिटात. आमच्या सल्ला केंद्रात अशा शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायका येतात. त्या पहिल्यांदा मारहाणीबद्दल बोलतात. पैशाबद्दल तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलतात, आणि तेव्हा जास्त लाजतात.

पत्र वाचल्यावर टोरवाल्ड नोराला ढोंगी म्हणतो, गुन्हेगार म्हणतो, मुलं तिच्या हाती देणार नाही म्हणतो. पण घराबाहेर मात्र सगळं सुरळीत दिसलं पाहिजे! एवढ्यात दुसरं पत्र येतं, कर्जाचा कागद परत आलेला असतो, आणि तो आनंदाने ओरडतो की तो वाचला. 'मी'. 'आपण' नाही. नोरा जे कळायचं ते तिथे कळते. ती नाचाचे कपडे उतरवते, रोजचे घालते, आणि त्याला टेबलाशी बसवते. आठ वर्षांत प्रथमच दोघं गंभीरपणे बोलतात. मग ती घर सोडून जाते.

दार बंद झाल्याचा तो आवाज जगभर गाजला. इतका की दुसरं एक जोडपं आपण विसरतो. क्रिस्टिन आणि क्रॉगस्टाड. या दोघांचं तरुणपणी एकमेकांवर प्रेम होतं. पण क्रिस्टिनची आई अंथरुणाला खिळलेली, दोन धाकटे भाऊ, आणि क्रॉगस्टाडकडे पैसा नाही. तिने पैसेवाल्या माणसाशी लग्न केलं. तो मेला, मागे काही उरलं नाही. इकडे क्रॉगस्टाडचंही आयुष्य बिघडलं, त्याच्याही नावावर एक खोटा कागद आहे. नाटकाच्या शेवटच्या अंकात ही दोन फुटक्या नशिबाची माणसं समोरासमोर बसतात. ती सांगते, मी तुला का सोडलं. तो सांगतो, माझं काय झालं. तिला काम हवं, कुणीतरी आपलं हवं. त्याला पुन्हा माणसांत यायचं आहे. काहीही झाकत नाहीत. आणि त्यांचं जुळतं! एकाच रात्री, एकाच घरात, गोड बोलण्यावर उभं असलेलं लग्न कोसळतं आणि हिशेब मांडून बसलेलं प्रेम उभं राहतं. नोराचं गुपित फुटू दे, असा हट्ट क्रिस्टिन धरते तो म्हणूनच. तिला ठाऊक आहे की त्या घराला खऱ्या बोलण्याची गरज आहे.

आता लॉराकडे परत येऊ. नाटक गाजलं, इब्सेन मोठा झाला. लॉराच्या वाट्याला काय आलं? लोक तिला नोरा म्हणून ओळखायला लागले. तिच्या खोट्या सहीची चर्चा पुन्हा झाली. तिने इब्सेनला विनंती केली की नोरा म्हणजे मी नव्हे असं जाहीर करा. त्याने केलं नाही. ती पुढेही लिहीत राहिली, १९३२ मध्ये वारली. तिची पुस्तकं आज क्वचितच कुणी वाचतं, तिची आठवण मात्र दुसऱ्याच्या नाटकाचा कच्चा माल म्हणून निघते. आणखी एक पाहा. नोरा दार ओढून निघून गेली, लॉरा जाऊ शकली नाही. मुलांसाठी परत गेली. तिला कुणी भ्याड म्हणू नये. परत जाणाऱ्या बायका आपण रोज पाहतो. त्यांच्याकडे दार असतं, दाराबाहेर उभं राहायला जागा नसते.

नोराचं जाणं सुद्धा लोकांना पचलं नाही. जर्मनीत एका मोठ्या नटीने शेवट बदलल्याशिवाय काम करायला नकार दिला. १८८० मध्ये इब्सेनला स्वतःच्या हाताने दुसरा शेवट लिहून द्यावा लागला, ज्यात नोरा झोपलेल्या मुलांकडे पाहून थांबते. त्या शेवटाबद्दल त्याला स्वतःला मनापासून चीड होती. आपल्याकडे अनंत काणेकरांनी या नाटकावरून १९४१ मध्ये 'घरकुल' लिहिलं. पाठोपाठ १९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांचं 'कुलवधू' आलं, त्यात ज्योत्स्ना भोळे होत्या. त्याचं नातंही जाणकार इब्सेनच्या नाटकाशी जोडतात. म्हणजे ही बाई मराठी घरात येऊन ऐंशी वर्षांवर काळ लोटला.

पण नुसत्या नाटकाने बायकांच्या हाती पैसा येत नाही. त्यासाठी कायदे बदलावे लागले. डेन्मार्कमध्ये १८८० साली विवाहित स्त्रीला स्वतःच्या कमाईवर हक्क मिळाला. नॉर्वेत १८८४ मध्ये स्त्रियांच्या हक्कांची संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी विवाहितेची मालमत्ता वेगळी असावी अशा मागणीच्या अर्जावर इब्सेननेही सही केली, आणि १८८८ मध्ये तिथे कायदा झाला.

आणि आपल्याकडे? १८७४ मध्ये, नोरा रंगभूमीवर येण्याच्या पाच वर्षं आधी, इंग्रज सरकारने विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला. बाईची कमाई बाईची, असं त्यात म्हटलं. पण हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रियांना त्या तरतुदीतून वगळलं. मग उरल्या किती? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन हे तिचंच, ते सासरी ठेवलं म्हणून नवरा त्याचा मालक होत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने आर्थिक छळ हाही हिंसाचारच आहे, हे मान्य केलं. घरखर्च न देणं, तिचे दागिने परस्पर विकणं, तिच्या हक्काच्या पैशापासून तिला तोडणं, हे सगळं त्यात येतं. यातलं काहीही आपोआप मिळालेलं नाही, बायकांनी मोर्चे काढून, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळवलं.

तरीही आज आमच्याकडे नोराची उलटी गोष्ट येते. नोराने दुसऱ्याची सही केली. आमच्याकडे येणाऱ्या बायकांकडून त्यांचीच सही करून घेतलेली असते. "इथे सही कर, माझ्यावर विश्वास नाही का?" एवढंच वाक्य. नवऱ्याला धंदा वाढवायचा असतो, मोठं व्हायचं असतं, आणि बायकोलाही त्याचं मोठं होणं हवंच असतं. ती न वाचता जामीन राहते. धंदा बुडाल्यावर वसुलीवाले तिच्या ऑफिसात येतात तेव्हा तिला कर्जाचा आकडा कळतो. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्याच्या कलम १२८ प्रमाणे जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बायको आहे एवढ्या कारणाने नवऱ्याचं कर्ज तुमच्या डोक्यावर येत नाही. सही केली की येतं. आणि ते गुपित या वेळी नवऱ्याचं असतं. त्यालाही लाज वाटत असते. पुरुषाने कमावलंच पाहिजे, हरता कामा नये, हे त्याच्या मनावर लहानपणापासून ठसवलेलं असतं. ती व्यवस्था त्यालाही खोटं बोलायला लावते, पण त्याच्या खोट्याचा हप्ता तिला भरावा लागतो.

मग सगळ्याच गुपितांना आपण नावं ठेवायची का? नाही. तांदळाच्या डब्यात, देवघरातल्या फोटोमागे, माहेरी आईकडे बायका पैसे ठेवतात. भिशी लावतात आणि घरी सांगत नाहीत. ज्या घरात पगाराच्या दिवशी दारू येते, हात उगारला जातो, तिथल्या बाईला मी कधीच सांगणार नाही की नवऱ्यापासून काही लपवू नकोस. तिचा डबा ही तिची ढाल आहे. ढाल म्हणून ठेवलेलं गुपित वेगळं आणि दुसऱ्याला अंधारात ठेवून त्याच्या जिवावर जुगार खेळण्यासाठी ठेवलेलं गुपित वेगळं. इब्सेनने लॉराला दिलेला सल्ला चुकला तो इथे. सांगून टाक म्हणण्याआधी विचारायला हवं होतं की सांगितल्यावर तू सुरक्षित राहशील का.

पण जिथे भीती नाही, जिथे खरोखर प्रेम आहे, तिथे मात्र हिशेबाची वही उघडी ठेवा. तरुण मुलींनो, लग्नाआधी एकमेकांना आवडता रंग विचारता, तसं हेही विचारा. तुझ्यावर कर्ज किती? घरी किती पाठवावे लागतात? माझ्या आईवडलांना मी पैसे पाठवले तर चालेल ना, असं विचारू नका, पाठवणार आहे असं सांगा. मला पुढे शिकायचं आहे, बदली आली तर जायचं आहे, तेव्हा घर कोण सांभाळेल? या प्रश्नांनी जे प्रेम मोडेल ते चार वर्षांनी, पदरात मूल असताना मोडण्यापेक्षा आज मोडलेलं बरं. आणि जे टिकेल ते नीट टिकेल.

लग्न झालेल्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी चार कामं. स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं, त्याचा पिन तुमच्याच डोक्यात. दागिन्यांची यादी, पावत्या आणि फोटो, एक प्रत विश्वासाच्या माणसाकडे. घराच्या कागदावर आणि कर्जावर कुणाकुणाची नावं आहेत ते वाचून घेणं, कारण काही घरांत हप्ता भरणारीचं नाव कर्जावर असतं आणि मालकीवर नसतं. आणि न वाचता सही नाही, कोणी रुसलं तरी नाही.

उद्या आपापल्या गावी गेल्यावर बचत गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीला एवढंच विचारा की तिने शेवटची सही कोणत्या कागदावर केली आणि त्यात काय लिहिलं होतं. ज्यांना सांगता येणार नाही त्यांच्याबरोबर दुसऱ्या दिवशी बँकेत जा. एकटीला तिथला कारकून उभा करत नाही. पाचजणी गेलात तर खुर्ची देतो.